शिवणीला लावलेला बाण

"कॉलर वाकडी आहे म्हणजे आहे! डोळे काय घरी ठेवून आलीस?"

"वाकडी आहे ना साहेब, नाही कोण म्हणतंय? पण बाण कॉलरला लागलाय, मला नाही. मला कशाला चारचौघांत उभी करता?"

"मग शिवली कोणी? तुझ्या सासूने?"

"मीच शिवली. मीच उसवणार आणि मीच नीट करणार. पेटीतून परत आली की बघा. आणि सासूला मध्ये आणू नका, ती तुमच्याहून बरी शिवते."

तयार कपड्यांच्या कारखान्यात, कापडाच्या ठाणांनी भरलेल्या मांडणीपलीकडे हे भांडण चाललं होतं. एक मुकादम, एक जुनी शिवणकरीण. मांडणीच्या अलीकडे एक नवी पोरगी डबा उघडून बसलेली. तिचा घास हातातच राहिला, कारण त्या कॉलरला बाण चिकटवला होता तो तिनेच. आता ही बाई बाहेर येऊन आपल्या झिंज्या उपटणार, अशी तिची खात्री. बाई बाहेर आली, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं पकडलंस गं. जेव आता, गार होतंय."

ती पोरगी पुढे त्याच टेबलाशी उभी राहून म्हातारी झाली. सगळा कारखाना तिला मावशी म्हणू लागला, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

तपासणीचं काम दिसायला सोपं. शिवून आलेला कपडा आधी उलटा करायचा. सुलटी बाजू सगळ्यांचीच चांगली असते, तिला कोण विचारतंय? मग शिवणीवरून तळवा फिरवायचा. टाका सुटलाय, दोरा ओढला गेलाय, दोन कडा जुळत नाहीत, असं काही लागलं की तिथे नखाएवढा लाल कागदी बाण चिकटवायचा आणि कपडा 'अल्टर'च्या पेटीत टाकायचा. अल्टर म्हणजे दुरुस्ती. ज्याने शिवला त्याच्याकडे तो परत जातो, नीट होऊन येतो, बाण काढला की विषय संपला. इथे बघ, नीट कर, परत आण, एवढंच बाणाचं म्हणणं. बाण लागला म्हणून कोणी कपडा फेकून देत नाही आणि शिवणाऱ्याशी बोलणं टाकत नाही.

पण हात जे करतो ते हळूहळू डोक्यातही शिरतं. मावशीला जगात कशाचाच भरवसा वाटेनासा झाला. दुकानात उशीचा अभ्रा घेताना ती तो उलटा करी. भाजीची जुडी सोडून आतल्या काड्या बघे. नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी त्याच्या शर्टाची कड पाहिली, मग तोंड. "कड बरी होती," असं ती सांगे, "तोंडाचं नंतर बघू म्हटलं. बघायचं राहूनच गेलं." कोणी तोंडभरून गोड बोललं की तिला संशय येई, कोणी तोंडावर वाकडं बोललं की हायसं वाटे. चला, शिवण दिसली एकदाची.

नवरा गेल्यावर ती एकटीच होती. मग मुलाची मुलगी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आली. हिचं नाव बिट्टी. बिट्टी आली ती दोन पिशव्या, एक उशी आणि एक फोन घेऊन. पिशव्या अजून नीट उघडल्या नव्हत्या, पण फोन काही बंद झाला नाही.

फोनमध्ये एक बाई राहत होती. चेहरा असा तुकतुकीत की माशी बसली तर घसरावी. मागे पांढरा पडदा, कुंडीत एक झाड, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. मावशीने तिचं नाव ठेवलं चमकी. चमकी सांगे केस कशाने धुवावेत, सकाळी उठल्यावर आधी काय प्यावं, कोणाशी मैत्री ठेवावी आणि कोणाशी तोडावी. बिट्टी ते ऐके आणि तसं करी. सख्खी आई सांगते ते या कानाने आत, त्या कानाने बाहेर. चमकीचं मात्र दोन्ही कान बंद करून आत मुरवलेलं.

"मैत्रिणींनो म्हणते गं ही," मावशी एकदा म्हणाली. "तुझं नाव तरी ठाऊक आहे का तिला?"

"आजी, ती सगळ्यांना उद्देशून म्हणते."

"सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही."

"तुला ना, कोणाचं चांगलं बघवतच नाही."

"बघवतं की. पण ही पाठ का दाखवत नाही? बघ, सारखी समोरून. दुकानात झगा बाहुलीला घालतात तेव्हा मागून टाचण्या मारतात. पाठ फिरव म्हणावं एकदा."

इथवर आजी-नातीची नेहमीची कुरबुर. पण मग एके दिवशी गंमत झाली, निदान तेव्हा ती गंमत वाटली. सकाळी बिट्टी कुठल्याशा मैत्रिणीबद्दल म्हणाली, "नकारात्मक माणसं आयुष्यातून कापून टाकायची," आणि दोन बोटांची कात्री हवेत चालवली. दुपारी कारखान्यात, काजं पाडायच्या यंत्रावर बसणारी पोरगी आपल्या मामाबद्दल बोलत होती. मामाने एवढंच विचारलं होतं, की पोरी, यंत्र चालवताना पुरेसा उजेड असतो का? ती म्हणाली, "नकारात्मक माणसं आयुष्यातून कापून टाकायची." आणि दोन बोटांची तीच कात्री.

ही काजवाली बिट्टीला ओळखत नव्हती, बिट्टी तिला ओळखत नव्हती. कारखान्यात कटिंगच्या टेबलावर असंच असतं. कापडाचे थरावर थर रचतात, वर कागदाचा एक नमुना ठेवतात आणि यंत्राने सगळे थर एकदम कापतात. खालच्या थराने वरच्याला पाहिलेलंसुद्धा नसतं, पण बाही तीच निघते. त्या दिवसापासून मावशी पोरापोरींच्या बोलण्यावर कान ठेवू लागली. कोण काय म्हणतं यापेक्षा कोणाचा नमुना ठेवून कापलंय, हे ती हुंगू लागली. आणि बहुतेक वेळा वास चमकीच्या पडद्यामागून यायचा.

तेव्हा ती चमकीसमोर ठाण मांडून बसली. चष्मा पुसून, फोन डब्याला टेकवून. चमकीने पिशवी दाखवली की मावशी बोले, "आतलं अस्तर दाखव, बाई. बंदाला दुहेरी शिवण आहे का? हसू नकोस, बंद ओढून दाखव." आणि कारखान्यातून आपल्या पिशवीत आलेला एखादा लाल बाण काढून थेट फोनच्या काचेवर, चमकीच्या पिशवीच्या बंदावर चिकटवी.

बिट्टी हसून हसून लोळली. "आजी, थांब, परत बोल!" म्हणत तिने पिशवीच्या तळातून आईचा जुना फोन काढला आणि आजीलाच टिपलं. टिपलं आणि सोडलं जगात.

बोलणाऱ्याची एरंडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, म्हणतात ते खोटं नाही. मावशी बोलली आणि विकली गेली. अख्ख्या कारखान्यात मावणार नाहीत इतक्या लोकांनी तिला पाहिलं. पोरं लिहू लागली: आजी, ह्या बुटांना बाण लावा. आजी, माझ्या भावाला बाण लावा. बिट्टी रोज काहीतरी समोर ठेवी, पडदा, छत्री, पाकीट, आणि मावशी उलटं करून बाण लावी. पहिल्यांदा ती कुरकुरली, "मला बाई यात काहीतरी काळंबेरं दिसतंय." पण पुढच्या खेपेला केस विंचरून बसली आणि त्याच्या पुढच्या खेपेला बिट्टीची पावडर मागितली. माणसाचा संशय सगळीकडे फिरून येतो. स्वतःच्या दारात यायला मात्र त्याला उशीर होतो.

आता गल्लीतल्या मास्तरांचं सांगायला हवं. मावशीच्याच इमारतीखाली त्यांचं शिवणाचं दुकान, दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडाच. एक मशीन, एक कापायची फळी आणि भिंतीला आडवी दांडी. शिवून झालेले कपडे त्या दांडीवर टांगलेले असत, तेवढीच काय ती मास्तरांची पाटी. मोठी माणसं आता तयार कपडे घेत, त्यामुळे मास्तरांचं पोट चालायचं ते कॉलेजच्या पोरांवर. कोणाची पँट आखूड कर, कोणाचा स्कर्ट घट्ट कर. त्या वर्षी तर कॉलेजच्या नाचाच्या सगळ्या कपड्यांचं काम त्यांच्याकडे आलं होतं. कापडाचा गठ्ठा फळीखाली ठेवून मास्तर पायाने तो सारखा आत सरकवत, कोणी नेईल की काय असं.

बिट्टीचा एक स्कर्ट त्यांनी अस्तर लावून दिला. घरी आल्यावर सवयीप्रमाणे मावशीने तो उलटा केला, आणि सवयीप्रमाणेच बिट्टीने फोन धरला. अस्तराची शिवण एका बाजूला वेडीवाकडी गेली होती. मावशीने बाण लावला आणि हसत म्हणाली, "काय हो मास्तर, डोळे घरी ठेवून आलात का? ही शिवण आहे की शेळीची वाट?"

तिच्या मनात काय होतं? एवढंच, की उद्या खाली उतरताना स्कर्ट मास्तरांना द्यायचा, ते जीभ चावतील, उसवतील, नीट करतील. झालंही तसंच. मास्तरांनी जीभ चावली, त्याच दिवशी स्कर्ट नीट करून दिला. मावशीने तळवा फिरवून पाहिला, बाण काढला, विषय संपला.

तिच्यापुरता संपला.

पंधरवड्याच्या आत मावशीच्या लक्षात आलं की मास्तरांची दांडी रिकामी आहे. आधी वाटलं, मास्तर आजारी असतील. पण मास्तर बसलेले, मशीनला तेल घालत. मग तिचा संशय चौकातल्या नव्या दुकानावर गेला. काचेचं दार, आत थंड हवा, नक्की त्यांनीच गिऱ्हाईक फोडलं असणार. मग चमकीवर गेला. तिने शिवून घेऊ नका असं काही म्हटलं असेल. दोन दिवस ती चमकीचं सगळं पुन्हा बघत बसली. चमकी शिवणावर अवाक्षर बोलली नव्हती.

शेवटी तिने कारखान्यात काजवालीला विचारलं. ती त्याच गल्लीच्या टोकाला राहायची. "काय गं, भावाच्या नव्या नोकरीचे कपडे मास्तरांकडे टाकणार होतीस ना? टाकलेस?"

"छे हो मावशी! तुम्हीच तर बाण लावलात मास्तरांना."

"मी शिवणीला लावला."

"तेच ते."

"तेच ते कसं? नीट करून दिली त्यांनी. तू बघितलीस का त्यांची शिवण? तू स्वतः दिवसभर काजं पाडतेस, तुला नाही कळत?"

"आपण कशाला बघायचं? आजी म्हणाली म्हटल्यावर झालं की."

ती सरळ मनाने बोलली. वर दोन बोटांची कात्री हवेत चालवून हसलीसुद्धा. नमुन्याचा कागद कोणाचा आहे ते मावशीला आता कळलं.

संध्याकाळी ती मास्तरांच्या कोनाड्यासमोर उभी राहिली. फळीखाली गठ्ठा नव्हता.

"नाचाचं कापड कुठे गेलं, मास्तर?"

"नेलं पोरांनी. कापलेलं नव्हतं ना, परत मागितलं. देऊन टाकलं."

"काही बोललात का नाही?"

"काय बोलणार? चार पोरं आली होती, चांगली हसतमुख. एकाने मलाच विचारलं, काका, डोळे घरी ठेवलेत का? सगळे हसले. मीही हसलो." मास्तरांनी मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं. "तुमच्या कारखान्यात बरं आहे मावशी. बाण लागलेला कपडा परत तरी येतो. इथे कपडा गेला आणि मागोमाग गिऱ्हाईकही गेलं."

"मला ठाऊक नव्हतं हो मास्तर."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून तर बोलतोय तुमच्याशी."

मावशी जिना चढून वर आली ती चपला न काढताच बिट्टीसमोर. "ते काढून टाक."

बिट्टीने लगेच काढलं, कुरकुर न करता. मग हळूच म्हणाली, "पण आजी, लोकांनी उतरवून घेतलंय. हे बघ, एकाने तर खाली ढोलकी लावलीय." ढोलकीच्या तालावर मावशी म्हणत होती, शेळीची वाट, शेळीची वाट, शेळीची वाट.

"मग दुसरं टिप. स्कर्ट नीट झालाय ते दाखव."

तसं टिपलं. मावशीने स्कर्ट उलटा करून दाखवला, शिवण बोटाने मोजून दाखवली, मास्तरांसारखा हात या भागात नाही असं सांगितलं. या वेळी पावडर लावली नाही. हे फारसं कोणी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी खाली लिहिलं: मास्तरने काय दिलं आजीला? आजीपण विकली गेली. एकाने लिहिलं, मला आधीपासूनच संशय होता.

बिट्टी ते वाचून दाखवत होती. वाचता वाचता थांबली. फोन मांडीवर पालथा घातला आणि आजीकडे न बघता म्हणाली, "आजी, रागावू नकोस हं. पण मास्तरांनी तुला खरंच काही दिलं नाही ना?"

आयुष्यभर मावशीने हा प्रश्न दुसऱ्याला विचारला होता, कधी तोंडाने, कधी नुसत्या डोळ्यांनी. भाजीवाल्याला, मुकादमाला, स्वतःच्या सुनेलाही. आपल्याला कोणी विचारलं तर कसं लागतं, ते तिला ठाऊक नव्हतं. राग आला नाही. तिने स्कर्ट उचलून बिट्टीच्या मांडीवर ठेवला.

"उलटा कर. तळवा फिरव. तूच सांग."

बिट्टीने फिरवला. एकदा, दोनदा. मग रडकुंडीला आली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"मग इतके दिवस काय दाखवत होतीस लोकांना?"

"तुला."

बिट्टीचं नाक वाजत राहिलं. मग मावशीनेच उठून तिच्यासाठी पाणी आणलं आणि म्हणाली, "पी. आणि परत मला दाखवू नकोस कोणाला. मी काही बघण्यासारखी नाही. समोरून तर मुळीच नाही."

बिट्टीने आजीला पुन्हा टिपलं नाही. चमकी मात्र तिने सोडली नाही. मावशी खोलीत आली की आवाज बारीक करी, एवढाच फरक. तिला खरंच किती कळलं, याबद्दल मावशीला शेवटपर्यंत शंका होती. शंका घेतली नसती तर ती मावशी कसली?

आणि गेलेलं गिऱ्हाईक? ते फोनने घालवलं होतं, पण फोनने आणता आलं नाही. मग मावशीने दुसरी वाट धरली. सुट्टीच्या दिवशी ती कापडी पिशवी घेऊन इमारतीत वरपासून खालपर्यंत दारं वाजवी. "उसवलेलं, फाटलेलं, आखूड-लांब काही आहे का? मास्तरांकडे चाललेय." लोक आधी म्हणत, नाही. ती दारातून हलत नसे. "तुमच्या पडद्याची कड लोंबतेय, ती काय शोभेला?" मग पडदा निघे. मग लेकराची चड्डी निघे. नीट झालेलं परत नेऊन देताना ती म्हणे, "मी सांगते म्हणून घेऊ नका. हात फिरवून बघा." लोकांना हा जाच वाटे, तिच्यापासून सुटका म्हणून का होईना ते हात फिरवत. काहींना त्यातलं थोडं कळायलाही लागलं. काजवाली भावाची पँट घेऊन स्वतः आली, मास्तरांसमोर ती उलटी करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काजं मी तुमच्याहून बरी करते, पण शिवण चांगली आहे." मास्तर म्हणाले, "मग काजं तू कर." दांडी निम्मी भरली. पुरी कधीच भरली नाही. नाचाचे कपडे पुढच्या वर्षीही काचेच्या दुकानात गेले.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही मावशीची ही खेप चुकली नाही. गुडघे बोलू लागले तशी ती जिन्यात मध्ये बसून घेई, पण पिशवी कोणाच्या हाती देत नसे. "नेणारा मध्येच बदलेल काहीतरी," म्हणे.

तिच्या हयातीतली शेवटची खेपही अशीच झाली. थंडीचे दिवस होते, तिने कानाला रुमाल बांधला होता. पिशवीत तिसऱ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंची चेन बिघडलेली पर्स, दोन शर्ट आणि कुणाच्याशा मुलाचा गणवेश होता. मास्तरांनी एकेक बाहेर काढून फळीवर ठेवलं.

"मावशी, यातलं निम्मं तुम्ही घरी बसून करू शकता."

"करू शकते. मग तुम्ही काय माशा मारणार?"

"थंडीत माशा कुठल्या?"

"तेच म्हणते. तोही धंदा बुडालेला. कधी देता?"

"गुरुवारी."

"गुरुवार म्हणजे गुरुवार. त्या पोराची शाळा आहे."

"गुरुवार म्हणजे गुरुवार."

ती जरा उभी राहिली, मास्तर खडूने शर्टावर खूण करतात की नाही ते पाहिलं, आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून कोपऱ्यावर दूध आणायला गेली.